झॅपासारखा सोलो सुचण्यासाठी काय शिकावं?

प्रश्न असा आहे: स्केल पाठ आहेत, मोड समजतात, फ्रँक झॅपा या अमेरिकन रॉक गिटारवादकाचे सोलो कित्येक वर्षं ऐकून झालेत. तरी बॅकिंग ट्रॅक लावून वाजवायला बसलं की स्केलचा रियाज चाललाय असंच वाटतं. त्याच्यासारखं मोकळं वाजवायचं तर आता कुठला स्केल शिकायचा?

कुठलाही नाही. स्केल पुरेसे झालेत, कमी पडतेय ती लय. झॅपा आधी ड्रमर होता, गिटार त्याने शाळेच्या शेवटी-शेवटी हातात घेतली. कानात एकीकडे जॉनी ‘गिटार’ वॉटसन आणि गिटार स्लिम यांचे ब्लूज होते, दुसरीकडे एडगार वारेझ या आधुनिक संगीतकाराचं तालवाद्यांनी भरलेलं संगीत होतं. त्यामुळे त्याच्या सोलोत सूर बरेचदा साधे असतात. कधी पाच-सहा सुरांतच मिनिटभर घुटमळतो. पण ते सूर कुठे पडतात, किती वेळ टिकतात आणि ठेक्याला कसे आडवे जातात, याचा अंदाज शेवटपर्यंत लागत नाही. सोलो म्हणजे जागच्या जागी केलेली रचना, असंच तो मानायचा. त्यातलं वाक्य बोलण्याच्या लयीत यायचं. शिकायचं ते हेच.

आधी जमीन तयार करा. जाझमध्ये कॉर्ड भराभर बदलतात आणि वाजवणारा त्यांच्यामागे धावतो. झॅपाला सोलोसाठी तसं नको असायचं. एक किंवा दोन कॉर्ड गोल-गोल फिरत राहायच्या, त्याला वॅम्प म्हणतात, आणि त्यावर तो हवा तितका वेळ वाजवायचा. तानपुरा आणि ठेका ज्यांच्या कानात आहेत त्यांना हे लगेच पटेल. १९७५च्या ‘वन साइज फिट्स ऑल’ अल्बममधलं ‘इन्का रोड्स’ घ्या. त्यातला सोलो सी लिडियनमध्ये, सी आणि डी या दोन मेजर कॉर्डवर आहे. सी हा सा धरला तर सगळे सूर कल्याण थाटाचे, म्हणजे तीव्र मध्यम आणि बाकी शुद्ध. १९७६च्या ‘झूट अल्यूर्स’मधलं ‘ब्लॅक नॅपकिन्स’ हे ओसाकाच्या कॉन्सर्टचं रेकॉर्डिंग. तिथे सी शार्प मायनर सेव्हन आणि डी मेजर सेव्हन आलटून-पालटून येतात. सी शार्पला सा म्हटलं की तो भैरवी थाट होतो. सूर ओळखीचे असल्यामुळे सगळं लक्ष लयीकडे देता येतं, ही आपल्याकडच्या गिटारवाल्यांची मोठी सोय आहे.

सरावाचा वॅम्प स्वतः रेकॉर्ड करा, तयार ट्रॅक डाउनलोड करू नका. तयार ट्रॅकमध्ये ड्रमर, कीबोर्ड, स्ट्रिंग्ज असं सगळं भरलेलं असतं आणि तुम्हाला जागाच उरत नाही. टेम्पो ७०. चार मात्रा सी, चार मात्रा डी. सी साधा उघडा कॉर्ड चालेल. डी वाजवताना ए तारेवर तिसऱ्या फ्रेटवरचा सी तसाच दाबून ठेवा, डी तार उघडी, जी तारेवर दुसरा फ्रेट, बी तारेवर तिसरा, पहिल्या तारेवर दुसरा. खाली सी कायम राहतो आणि वर डी मेजर उमटतो. बास वाजवणारा असेल तर त्यालाही सुरुवातीला सी वरच थांबवा. हमखास चूक होते ती इथेच: बास डी वर गेला की कान डी लाच घर समजायला लागतो, तीव्र मध्यमाची धार जाते, आणि मग सोलो फिका का वाटतोय ते कळत नाही. पाच मिनिटांचा वॅम्प रेकॉर्ड करा, ड्रम्स अगदी साधे ठेवा, फिल, म्हणजे मधेच भरलेला जादा तुकडा, एकही नको.

आता लय. एक वाक्य घ्या: ‘अरे, तू काल कुठे गेला होतास?’ बोलताना ‘काल’ आणि ‘तास’ एकेका झटक्यात जातात, म्हणून दहा आघात होतात: अ, रे, तू, काल, कु, ठे, गे, ला, हो, तास. हे वाक्य जसं खरोखर बोलाल तसं फोनवर रेकॉर्ड करा. ‘अरे’नंतर किंचित थांबा येतो, ‘कुठे’वर जोर पडतो, ‘होतास’ खाली उतरतं. आता गिटारवर एकच सूर, समजा जी, घेऊन हे दहा आघात आवाजाबरोबर वाजवा. मेट्रोनोम लावू नका. जमलं की वॅम्प सुरू करून त्यावर तेच म्हणा. ठेक्यात बसवण्यासाठी वाक्य ओढूनताणून सरळ करण्याचा मोह होईल, तो टाळा. दहा आघात चार मात्रांत साधारण पाच-पाच असे पडतील, पण ‘अरे’नंतरच्या थांब्यामुळे त्यापुढचे तीन थोडे उशिरा सुरू होऊन दाटतील. ती दाटी हवीच आहे. मग तीन सूर घ्या: ई, एफ शार्प, जी. जोराच्या ‘कु’ला सगळ्यात वरचा सूर द्या, ‘होतास’ला खालचा. त्यावर उत्तर म्हणून ‘मला काही विचारू नकोस’ वाजवा. पहिलं वाक्य मात्रा एक वर सुरू झालं असेल तर हे अडीचव्या मात्रेवर सुरू करा. आठवडाभर फक्त तीन सुरांत असं बोलत राहिलात तर बोटं स्केलच्या जिन्यावरून आपोआप उतरतात.

याचीच दुसरी, मोजून करायची बाजू म्हणजे ट्युप्लेट, ठरलेल्या मात्रांत वेगळ्याच संख्येचे सारखे आघात बसवणं. तबल्याच्या किंवा कोनक्कोलच्या, म्हणजे कर्नाटक संगीतात तोंडाने म्हणायच्या तालाच्या, बोलांनी ते फार लवकर येतं: तीनला तकिट, चारला तकधिमि, पाचला तकतकिट, सातला तकिटतकधिमि. एका मात्रेत पाच म्हणणं सोपं असतं, कस लागतो तो चार मात्रांवर पाच सारखे आघात पसरताना. त्यासाठी दोन मेट्रोनोम वापरा. एका कानात ६०, दुसऱ्या कानात ७५. दोन्ही एकाच क्षणी सुरू केले की दर चार सेकंदांनी एकत्र येतात, आणि ७५चा प्रत्येक ठोका म्हणजे चारावर पसरलेल्या पाचातला एक. सातासाठी ६० आणि १०५. कंप्युटरवर रेकॉर्डिंगचं कुठलंही सॉफ्टवेअर असेल तर दोन ट्रॅक करून डावी-उजवीकडे टाका. फोनवरची दोन ॲप काही मिनिटांत एकमेकांपासून सरकतात आणि चूक तुमची की ॲपची तेच कळत नाही.

पाच स्थिर झाले की त्यातल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या ठोक्यात तकिट भरा, बाकी तीन ठोके तसेच. हा झाला ट्युप्लेटच्या पोटातला ट्युप्लेट. झॅपाचे सोलो कागदावर पाहिले की याच गोष्टी पानोपान दिसतात. ते कागदावर उतरवले गिटारवादक स्टीव्ह वायने. बर्कली संगीत महाविद्यालयात शिकत असताना त्याने झॅपाचंच ‘द ब्लॅक पेज’ ऐकून लिहून काढलं आणि झॅपाला पाठवलं. पुढे सोलो लिहून काढण्याचं काम त्याला मिळालं, आणि १९८०च्या दौऱ्यापासून तो बँडमध्येच आला. १९८२मध्ये निघालेल्या गिटार बुकमध्ये ते काम आहे. पुस्तक मिळालं तर पहिल्या पानापासून वाजवत जाऊ नका. दोन आवर्तनं निवडा, रेकॉर्डिंग निम्म्या वेगावर ऐका, गिटार बाजूला ठेवून बोल म्हणा, टाळीवर जमलं की मगच तारेला हात लावा. एक लक्षात ठेवा: कागदावरचा ‘आठाच्या जागी अकरा’ असा आकडा झॅपाच्या डोक्यात नव्हता. तो एक वाक्य बोलला, वायने ते मोजलं. म्हणून आधीचा वाक्यांचा सराव पहिला आणि हा दुसरा. उलट केलंत तर गणित उत्तम जमेल आणि वाजवणं कोरडं राहील.

तबला कानात असलेल्या मराठी वादकांची एक सवय इथे आड येते. लयकारी केली की तिहाई घेऊन समेवर यायचंच, हे इतकं अंगात भिनलेलं असतं की प्रत्येक वाक्य एक वर येऊन बसतं. झॅपा तसं करत नाही. तो सम ओलांडून जातो, वाक्य दुसऱ्या मात्रेच्या मागच्या अर्ध्यात सोडून देतो, आणि तिथे शांतता ठेवतो. दर चार आवर्तनांत एकदाच समेवर या, बाकी वाक्यं मुद्दाम दुसरीकडे संपवा. भारतीय ताल त्याला परका होता असं मात्र नाही. कर्नाटक पद्धतीचे व्हायोलिनवादक एल. शंकर, म्हणजे मुंबईच्या झाकिर हुसेनांबरोबर ‘शक्ती’ या बँडमध्ये होते तेच, १९७८मध्ये त्याच्याबरोबर मंचावर होते आणि त्यांचा ‘टच मी देअर’ हा १९७९चा अल्बम झॅपाने प्रोड्यूस केला. ऑक्टोबर १९७८मधल्या न्यूयॉर्कच्या पॅलेडियममधलं ‘थर्टीन’ जरूर ऐका. तेरा मात्रांच्या ठेक्यावर व्हायोलिन आणि गिटार दोन्ही वेगवेगळ्या वाटेने कशा उतरतात ते तिथे शेजारी-शेजारी ऐकू येतं.

सुरांचं थोडक्यात सांगतो. कल्याण थाट म्हणजे यमन नव्हे. इथे आरोह-अवरोहाचं बंधन नाही आणि मधले वर्ज्य सूर घासून जाणं पूर्ण मान्य आहे. तरी यमनमधली एक सवय उपयोगी पडते: चढताना सा आणि प गाळा. बी, डी, ई, एफ शार्प, ए असे गेलात की सूर तरंगत राहतो आणि लिडियन खऱ्या अर्थाने ऐकू येतो. जी तारेवर नवव्या फ्रेटचा ई ओढून एफ शार्पला नेताना अकरावा फ्रेट दाबून सूर तपासा. अर्धवट ओढला तर शुद्ध मध्यमासारखा ऐकू येतो आणि डी कॉर्डवर तो चक्क बेसूर लागतो. ‘ब्लॅक नॅपकिन्स’च्या वॅम्पवर सी शार्प दोन्ही कॉर्डमध्ये आहे, तो लांब धरून ठेवा आणि खालची कॉर्ड बदलताना त्याचा रंग कसा बदलतो ते ऐका.

डावा हात झॅपाचं बरंच काम करतो. तो प्रत्येक सुराला पिक मारत नाही. एक आघात करून पुढचे तीन-चार सूर हॅमर-ऑन आणि पुल-ऑफने, म्हणजे डाव्या हाताचं बोट तारेवर आपटून किंवा ओढून उचलून, काढतो. सुराआधी छोटा कण लावण्याची त्याची पद्धत आपल्या खटक्याच्या जवळ जाते. म्हणून सगळं आल्टरनेट पिकिंगने, प्रत्येक सुराला पिक आळीपाळीने खाली-वर मारत, वाजवलं तर सूर बरोबर असूनही बोलणं मशीनसारखं होतं. आणखी एक युक्ती त्याची खास ओळख झाली आहे. उजव्या हातातली पिक फ्रेटबोर्डवर आणून तिच्या कडेनेच तार दाबायची आणि झपाझप उचलायची. बल्गेरियातल्या बॅगपाइपसारखा चिवचिवाट त्यातून येतो. सरावासाठी जी तारेवर पहिलं बोट पाचव्या फ्रेटवर, तिसरं सातव्यावर ठेवा, आणि पिकने अकरा, बारा, चौदा हे फ्रेट आळीपाळीने दाबा. पिक एक मिलिमीटरच्या आसपास जाड हवी, पातळ पिक वाकते आणि सूर बसत नाही. टोक नाही, लांब कड वापरा. ती तारेला काटकोनात, फ्रेटच्या पट्टीच्या किंचित मागे टेकवा. पट्टीच्या डोक्यावर टेकवली तर नुसता टकटक आवाज येतो. बाकीच्या तारा डाव्या हाताच्या मोकळ्या बोटांनी झाका, नाहीतर गेन वाढवल्यावर सगळ्या एकदम गुंजतात. हालचाल मनगटातून करा, कोपरातून केली तर मिनिटाभरात हात भरून येतो. वेग आपोआप येतो. आधी तकतकिटचे पाच आघात सारखे आले पाहिजेत.

आवाजाबद्दल लोक फार विचारतात, आणि गिब्सन एसजी घेतली की झालं असं समजतात. एसजी त्याने भरपूर वाजवली हे खरं, पण लेस पॉल आणि स्ट्रॅटोकास्टरही वाजवल्या. गिटारपेक्षा त्यातली सर्किट महत्त्वाची. काही गिटारमध्ये त्याने पॅरामेट्रिक इक्वलायझर, म्हणजे हवी ती फ्रिक्वेन्सी निवडून कमी-जास्त करणारी सर्किट, बसवून घेतले होते, म्हणजे ज्या हॉलमध्ये वाजवायचं तिथे कुठल्या फ्रिक्वेन्सीला सूर स्वतःहून फुलतो ते शोधून फीडबॅक ताब्यात ठेवता यायचा. वा-वा पेडलही तो सतत हलवत बसत नसे. एका जागी अडकवून फिल्टर म्हणून वापरायचा. त्यातून तो नाकातल्या बोलण्यासारखा, मध्यम फ्रिक्वेन्सीचा टोन येतो. घरी करायचं तर इक्वलायझर पेडल डिस्टॉर्शनच्या आधी लावा. एकच बँड घ्या, रुंदी बरीच अरुंद, गेन साधारण दहा डेसिबल वर, आणि ५०० हर्ट्झपासून २ किलोहर्ट्झपर्यंत सावकाश सरकवा. एखाद्या ठिकाणी धरलेला सूर संपायच्या ऐवजी वाढायला लागेल, तिथे थांबा. दहाच्या वर गेलात तर सुराआधी घरघर वाढते. पंख्याचा रेग्युलेटर आणि ट्यूबलाइट बंद करून बघा, आणि प्लगला अर्थिंग आहे ना याची खात्री करून घ्या.

फीडबॅकसाठी मोठा ॲम्प्लिफायर लागतो हा गैरसमज आहे. झॅपाने सत्तरच्या दशकात स्टुडिओत पिगनोज नावाचा खेळण्याएवढा, पाच वॉटचा ॲम्प्लिफायर वापरला आहे. लहान ॲम्प्लिफायर टेबलावर गिटारच्या पिकअपसमोर फूट-दीड फुटावर ठेवला तर फ्लॅटमध्येसुद्धा सूर फुलतो. हेडफोनवर मात्र कधीच फुलणार नाही, कारण तारेपर्यंत हवेतून आवाज परत पोचलाच पाहिजे. तालमीच्या खोलीत मोठ्याने वाजवणार असाल तर कानात प्लग घालाच.

आता त्याचा सगळ्यात विलक्षण प्रयोग. १९७९च्या ‘जोज गराज’मधले बहुतेक गिटार सोलो त्या गाण्यांसाठी वाजवलेलेच नाहीत. कॉन्सर्टमधल्या टेपवरून गिटार उचलली आणि स्टुडिओत वेगळ्या लयीत वाजवलेल्या ठेक्यावर ठेवली. या पद्धतीला त्याने झेनोक्रोनी असं नाव दिलं. त्याच वर्षीच्या ‘शेक यरबूटी’मधलं ‘रबर शर्ट’ तर शुद्ध नमुना आहे. १९७४च्या गोटेबोर्गच्या एका रेकॉर्डिंगवर पॅट्रिक ओ’हर्नने चारच्या ठेक्यात बास वाजवला. दीड वर्षाने तो बास सोलून काढून टेरी बोझियोच्या अकरा मात्रांच्या संथ ड्रम्सवर ठेवला. दोघांतला तो सगळा सुंदर संवाद प्रत्यक्षात कधी झालाच नाही, असं झॅपाने अल्बमवरच लिहून ठेवलंय. ‘जोज गराज’मधलं ‘वॉटरमेलन इन ईस्टर हे’ मात्र या पद्धतीचं नाही, तो सोलो त्याच गाण्यावर वाजवलेला आहे. नऊ मात्रा, चार आणि पाच अशा मोजा, म्हणजे तकधिमि तकतकिट. तिथे गिटार किती थोडे सूर घेऊन किती लांब गाते ते बघा.

झेनोक्रोनी हा नुसता स्टुडिओचा खेळ नाही, शिकण्याचं उत्तम साधन आहे. तुमचा ७० टेम्पोवरचा सोलो रेकॉर्ड करा, फक्त गिटारचा कोरडा ट्रॅक, रिव्हर्ब आणि डिले न घालता. रेकॉर्ड करताना वॅम्प हेडफोनवर ऐका, नाहीतर जुना ठेका गिटारच्या ट्रॅकमध्ये झिरपतो आणि पुढचं सगळं फसतं. मग त्याच सा चा, पण ९२ टेम्पोचा, सात मात्रांचा वॅम्प करा. गिटार त्यावर जशीच्या तशी ठेवा. ताणू नका, ग्रिडला चिकटवू नका. फक्त सुरुवातीची जागा पाव-पाव मात्रेने पुढे-मागे सरकवत ऐका. तीन-चार जागा निरर्थक वाटतील, एखादी अशी निघेल की दोन वाक्यं ठेक्यावर अनपेक्षित जागी अचूक आदळतील. त्या दोन वाक्यांच्या जागा लिहून घ्या आणि आता तीच हाताने, त्या सातच्या वॅम्पवर, वाजवायला शिका. स्वतःच्या सवयीच्या बाहेरची लय इतक्या लवकर दुसऱ्या कुठल्या मार्गाने हाताला लागत नाही. दोन रेकॉर्डिंगची गिटार वेगवेगळी लावलेली असेल तर थोडा फरक भरून काढता येतो, पण सॉफ्टवेअरने सूर दोन-तीन पट्ट्यांपेक्षा जास्त हलवला की पिकचा आघातच मऊ पडतो. तेव्हा पुन्हा वाजवा.

ऐकायचा क्रम सांगायचा तर १९६९च्या ‘हॉट रॅट्स’मधल्या ‘विली द पिंप’पासून सुरू करा. एकाच रिफवर, म्हणजे पुन्हापुन्हा येणाऱ्या छोट्या धूनवर, लांबलचक, वा-वाने रंगवलेला सोलो आहे आणि ब्लूजचं मूळ स्पष्ट दिसतं. मग ‘इन्का रोड्स’. त्याचा पाया लॉस एंजेलिसच्या टीव्ही स्टुडिओतला आणि सोलो हेलसिंकीच्या कॉन्सर्टमधला, पण जोड ऐकू येत नाही. त्यानंतर १९८१चा ‘शट अप एन प्ले यर गिटार’. शीर्षकगीत आणि त्याचे दोन पुढचे भाग हे फेब्रुवारी १९७९मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ ओडियनमध्ये वाजवलेले ‘इन्का रोड्स’चेच सोलो आहेत. एकाच वॅम्पवर लागोपाठच्या रात्री तो काय-काय वेगळं बोलतो, हे शेजारी ठेवून ऐकण्यासारखी दुसरी शाळा नाही. १९८६च्या ‘जाझ फ्रॉम हेल’मधलं ‘सेंट एटिएन’ शेवटी ठेवा. सिंक्लाव्हियर या डिजिटल सिंथेसायझरने भरलेल्या त्या अल्बममध्ये तेवढीच एक गिटार आहे.

या सगळ्या ऐकण्यात निम्मं लक्ष ड्रमरवर असू द्या. हॅमरस्मिथच्या रेकॉर्डिंगमध्ये विनी कोलायुटा झॅपाचं पाचाचं वाक्य ऐकतो, पुढच्याच आवर्तनात त्याला सातात उत्तर देतो, आणि बास मात्र खाली घट्ट उभा असतो. म्हणून वर सांगितलेला साधा वॅम्प पचला की सराव माणसाबरोबर करा. ड्रमर किंवा तबलजीला तीन गोष्टी आधी सांगून ठेवा: सम बासकडे आहे, तुला ती दाखवायची गरज नाही, मी थांबलो की तू भरलंच पाहिजेस असं नाही, आणि माझं वाक्य जसंच्या तसं परत वाजवू नकोस, त्याला उत्तर दे. पहिल्या काही बैठकांत दोघंही एकदम बोलायला लागाल आणि सम हरवेल. तसं झालं की थांबून पहिल्यापासून सुरू करू नका. बास चालू राहू द्या, दोघांनी चार आवर्तनं गप्प बसून ऐका, आणि मग एकानेच एक वाक्य टाका.